नऊ व्होल्टची बांग

मदिहा कणकवलीला आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. मुलगी गुणी, पण हट्टाला पेटली की तिला शिकवलेल्या माझंसुद्धा ऐकत नाही.

तिचे आजोबा अलीमियाँ खारेपाटणच्या मशिदीत आयुष्यभर बांग देत आले. आता अंथरुणाला खिळलेत, आवाजही गेला. मदिहाचे वडील आदिलभाई दिवसभर दुकानात असतात, म्हणून फक्त संध्याकाळची, मगरिबची बांग ते देतात. पण मशीद नदीपलीकडे, घरात काही ऐकू येत नाही. "माझो झील बांग कशी देता, ता माका एकदा आयकूचा आसा," एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.

मशिदीतली बांग घरात ऐकवणारा छोटा रेडिओ मिळतो. त्याचा नऊ व्होल्टचा पुरवठा मदिहानं स्वतः बांधायला घेतला. आधी संगणकावर जुळवणी केली: ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, कपॅसिटर आणि व्होल्टेज नऊवर धरून ठेवणारा रेग्युलेटर. पडद्यावर स्थिर व्होल्टेजची सरळ रेघ आली तशी बाई खूश! मग सगळं सोल्डर करून घरी नेलं. दुपारची बांग स्वच्छ आली. मगरिबला मात्र नुसती घूंऽऽ.

"ह्यो आदिल काय भुंगो?" अलीमियाँ हसले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. हे सांगताना मदिहा माझ्यापुढे रडली.

चूक शेवटी सापडली. संध्याकाळी वाडीतले पोफळीच्या बागांचे पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पार बसतं. मग रेग्युलेटरला वीज पुरत नाही आणि डायोडनंतर उरलेला विजेचा चढउतार स्पीकरमध्ये घुमतो. संगणकात मात्र तिनं पुस्तकातले दोनशेतीस घातले होते. "जन्मापासून मंद दिव्यात जेवलीस आणि घरचीच वीज विसरलीस?" मी चिडवलं.

मगरिबला मीटर लावला, तर जेमतेम एकशेसाठ. तेवढेच घालून तिनं संगणकावर पुन्हा पाहिलं. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर काढून पंधराचा बसवला, कपॅसिटर मोठा घेतला. पहाटे व्होल्टेज चढतं, तेव्हा रेग्युलेटर तापू नये म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली.

त्या संध्याकाळी मीही गेले. पंप सुरू झाले, दिवा मंदावला. रेडिओतून आदिलभाईंचा आवाज स्वच्छ आला. अलीमियाँ डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते.

बांग संपली. "शेवटाक घाई करता," ते पुटपुटले. मदिहाचं तोंड उतरलं. तिचा हात धरून ते म्हणाले, "सांग तेका, बापूस आयकता."