पानाची आतली बाजू

चार झाडवेडे एका गच्चीवर जमले की झाडांपेक्षा किस्सेच जास्त फुटतात, आणि त्यांना पाणीही लागत नाही. प्रताप नगरातला आमचा सक्युलंटचा, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडांचा, ग्रुप असाच. एकसारखी दिसणारी झाडं पानावरून ओळखायची, हे आमचं वेड. स्वस्थ बसणं कोणालाच जमत नाही. कोणाच्याही घरी गेलो तरी हात आधी कुंडीकडे!

हिंगण्याच्या कंपनीत असलेले धोटे एकदा मे महिन्यात मोटारसायकलवरून आले. हात उन्हानं भाजलेले. आल्या आल्या कोरफडीचं पान मोडून चोळायला लागले. ती होती दोर वळायची घायपात! गराऐवजी दोरे निघाले तरी गडी थांबला नाही, मग बसला खाजवत. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या मेश्राम मावशी म्हणाल्या, "दोरे दिसले तवाच थांबाचं होतं गा. खाट विनाची होती काय?"

हेच धोटे पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. तिथे जेड प्लांट म्हणून ठेवलेली एक कुंडी होती. "इतकं बारीक पान जेडचं नसते," म्हणून मुलीच्या बापाशी वाद. पोहे थंड झाले. परत आल्यावर मावशींनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"चांगलीच असंल. मी कुंडीजवळ बसलो होतो."

आमच्या घरी ग्रुप येऊन गेला की एचेवेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी पुसलेली असते, वर सगळ्यांच्या बोटांचे ठसे. बायको विचारते, "पोलिसांले बोलावू काय?"

मावशींचा एक डोळा आधीच गेलेला. यंदा दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. दिसेल की नाही, ते पट्टी उघडल्यावरच कळणार होतं. त्यांचा हट्ट एकच, पट्टी सुटली की आधी आपलं झेब्रा प्लांट बघायचं. पिलापासून वाढवलेलं झाड ते.

कुंडी धोट्यांकडे ठेवली होती. आमचा कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. जो तो जाऊन झाड बघायचा आणि काही सुचेना म्हणून थोडं पाणी घालायचा. एकमेकांना कोणी सांगितलं नाही. झाड सडलं.

नर्सऱ्या पालथ्या घालून हुबेहूब दुसरं आणलं. तेच पांढरे पट्टे. फरक एवढाच, मावशींच्या झाडाची पानं आतून गुळगुळीत होती, याची आतूनही खरखरीत.

"डोळ्याले पट्टी हाय, काय समजते?" धोटे म्हणाले.

पट्टी सुटायच्या दिवशी दवाखान्यात मावशींनी कुंडी मांडीवर घेतली. पानाच्या आतून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"हे माह्यं नोहे."

तेवढ्यात डॉक्टर आले. मावशींनी कुंडी उचलून तोंडासमोर धरली.

"उघडा डॉक्टरसाहेब. हे दिसलं तरी चालते मले."