पायातला काळा दोरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, दोन पेग जास्त झाल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येऊन कुंदाच्या हातचा चहा पिणार नाही.

आधी पायांबद्दल सांगतो. बघा — इथेही मी पायांनाच पुढे करतोय. संध्याकाळ झाली की माझ्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटायला लागतं. दुखत नाही, दुखलं असतं तर परवडलं असतं. पाय हलवले की थांबतं, टेकवले की पुन्हा सुरू. तळोज्याच्या कंपनीतून आलो की घणसोलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी येरझाऱ्या घालायचो, पोटऱ्यांवर मुठी हाणायचो. एकदा लाटण्याने इतकं बडवलं की कातडी काळीनिळी पडली. कुंदाने लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं. मग रोज झोपताना तीच ते पोटऱ्यांवरून हलक्या हाताने फिरवायला लागली.

त्यात घोरणं. झोपेत माझा श्वास अडकायचा आणि ती घाबरून मला हलवायची. तपासणी झाली, मशीन आलं — नाकावर मास्क, त्याला लांब नळी. श्वास ताळ्यावर आला. पाय मात्र नाही. झोपेत लाथा बसायच्या, तिच्या मांड्यांवर वळ उठायचे. त्या लाथा माझ्या नव्हत्या, शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेला किंमत ती काय?

पुढे रक्तात लोह कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, संध्याकाळचा चहा बंद झाला, आणि पायांसाठी झोपताना आणखी एक गोळी आली. पाय शांत झाले. अगदी शांत. एवढं लक्षात ठेवा.

रविवारची दुपार होती. दिवाळे कोळीवाड्यातून आणलेली मासळी जेवून मी मास्क लावून आडवा झालो होतो. डोळे मिटलेले, पण झोप नाही. कुंदा पलंगाच्या कडेला बसून बहिणीशी फोनवर बोलत होती. "आमचे गणपती सोंड लावून झोपल्यात," ती म्हणाली. "नवरा कसला, आवाज करणारं मशीन हाय नुसतं." दोघी हसल्या.

एवढंच. यात काय होतं? काहीच नव्हतं. पण माझं डोकं भडकलं. मी गुडघा छातीपर्यंत ओढून घेतला — झोपेत कुणी असा नेम धरतं का? — आणि सगळा जोर लावून तिच्या कमरेत लाथ घातली. ती फेकली गेली. हात लोखंडी कपाटावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि खरं सांगू? बरं वाटलं. आणखी एक घालावीशी वाटली.

मी डोळे उघडले नाहीत. ती विव्हळत होती, फोनमधून बहीण हाका मारत होती आणि मी संथ श्वास घेत पडून राहिलो. धक्क्याने माझा मास्क सरकला होता. ती कशीबशी उठली आणि धडधाकट हाताने आधी तो नीट बसवला — माझा श्वास कोंडू नये म्हणून. त्यानंतर मी 'जागा' झालो.

सोसायटीत सगळ्यांना माझीच कीव आली. बिचाऱ्याला झोपेतही आराम नाही, म्हणाले. डॉक्टरांना मी सांगितलं, गोळी लागू पडत नाही. त्यांनी ती वाढवली. वाढवलेली गोळी मी अजून घेतो, सकाळभर मळमळतं. याला शिक्षा समजू नका. खोटं टिकवायचं तर ती घ्यावीच लागते.

कुंदाचं मनगट वाकडंच सांधलं. चार पोळ्या लाटल्या की तिला थांबावं लागतं. पण तेव्हा, हाताला प्लास्टर असतानाच ती म्हणाली, "तुमच्या पायांना दृष्ट लागलीया कुणाची तरी." लाथ घातली होती त्याच पायाच्या घोट्याला तिने काळा दोरा बांधला — एका हाताने, गाठ दातांनी ओढून. तिचा श्वास माझ्या पावलावर लागत होता.

दोरा विटला की अमावस्येला ती नवा घेऊन येते आणि माझ्यासमोर खाली बसते. मी पाय पुढे करतो.