घोडा कुठल्या पुस्तकात आहे

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी अण्णांना आयर्लंडला, एनिसला आणलं. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडजवळच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आणि संस्कृतला मुलं कमी पडायला लागली तेव्हा पाचवी ते सातवीचं इंग्रजीही. मी त्यांना सांगितलं होतं, तीन महिने या, जुलैत परत जा. हे खरं नव्हतं. त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. फक्त त्यांना सांगायचं राहिलं होतं.

ते आल्यावर दुसऱ्या रविवारी मी मुक्कामाच्या परवानगीचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "विम्याचा कागद आहे, सही करा." त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. माझ्या कंपनीचं एक पत्र यायचं होतं, म्हणून मी अर्ज स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आता आम्हीही म्हणतो.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. ती सहावीत होती. एक जुनी गोष्ट निवडायची आणि ती आपल्यापर्यंत कुठून आली ते शोधून लिहायचं. तिनं ट्रॉयचा लाकडी घोडा निवडला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इथल्या, क्लेअर परगण्याच्या इंग्रजीत देते. अण्णांना त्यातलं अर्धं कळायचं. तरी दोघांचं चांगलं जमायचं.

तिनं त्यांना गोष्ट सांगितली. ग्रीक लोक दहा वर्षं ट्रॉयला वेढा घालून बसले, शहर काही पडेना. मग त्यांनी एक मोठा लाकडी घोडा केला, आत सैनिक बसवले, आणि निघून गेल्याचं नाटक केलं. ट्रॉयच्या लोकांनी घोडा ओढत आत नेला. रात्री सैनिक बाहेर आले आणि शहर जळालं.

"आपल्याकडं हत्ती होता," अण्णा म्हणाले. "लाकडाचाच. आत माणसं. एका राजाला हत्तींचा नाद. तो वीणा घेऊन हत्ती धरायला गेला आणि स्वतःच धरला गेला."

"कुठल्या पुस्तकात?" मुलीनं विचारलं.

अण्णांनी संस्कृत नाटकाचं नाव सांगितलं, अंकासकट. तिनं स्पेलिंग तीनदा विचारून लिहून घेतलं.

"आणि तुझा घोडा कुठल्या पुस्तकात?"

ते तिला माहीत नव्हतं. मला वाटलं मला माहीत आहे. मी म्हणालो, त्या युद्धावरचं ग्रीकांचं मोठं काव्य आहे, त्यात असणार.

शनिवारी आम्ही तिघं लायब्ररीत गेलो. तिथल्या बाईंनी त्या काव्याचं जाड इंग्रजी भाषांतर काढून दिलं. रोज जेवण झालं की मी ते वाचत जायचो आणि अण्णांसाठी मराठीत सांगायचो. मे महिना होता, साडेनऊपर्यंत बाहेर उजेड. मी शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासतो, त्यामुळे माझं मराठी तसंच व्हायचं. "भाला यकृतात शिरला. इसम मयत."

"मयत नको," अण्णा म्हणायचे. "पडला म्हण."

अडीच आठवडे माणसं पडत राहिली. मुलगी वही उघडून घोड्याची वाट बघत बसायची. घोडे पुष्कळ आले, सगळे जिवंत. मग ट्रॉयच्या राजपुत्राचा अंत्यविधी झाला आणि पुस्तक संपलं.

"पानं फाटली असतील," अण्णा म्हणाले. मी बघितलं. फाटली नव्हती.

लायब्ररीतल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात घोडा नाहीच. सगळ्यांना वाटतं, आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही युद्धाचं पुस्तक मागितलं. मी युद्धाचं दिलं."

त्यांनी आणखी दोन पुस्तकं काढली आणि समजावलं. इथून शहर पडेपर्यंतचा भाग सांगणारी काव्यं होती, पण ती हरवली. त्यांचे नुसते सारांश उरलेत. घोड्याचा उल्लेख युद्धाहून घरी परतण्यावरच्या दुसऱ्या ग्रीक काव्यात तीन ठिकाणी येतो, तोही ओघात. सगळी गोष्ट सविस्तर सांगितली ती काही शतकांनंतर एका रोमन कवीनं, आणि तीही हरलेल्यांच्या बाजूनं.

दुसऱ्या ग्रीक काव्यातली पहिली जागा आम्हाला लवकर सापडली. ज्या राणीमुळे युद्ध झालं ती घोड्याभोवती तीन फेऱ्या मारते आणि आत लपलेल्यांना एकेक करून हाका मारते, ज्याच्या त्याच्या बायकोच्या आवाजात. एक जण ओ देणार, एवढ्यात दुसरा त्याचं तोंड हातांनी दाबून धरतो.

अण्णांनी चष्मा काढला. "मी ओ दिली असती," ते म्हणाले. "शहर गेलं तरी."

मुलीनं वहीत 'पहिली जागा' असं लिहिलं, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून बसली.

रोमन काव्य मी रविवारी दुपारी वाचलं. त्यात ग्रीक एक माणूस मुद्दाम मागे ठेवून जातात. तो रडतो, आपलेच लोक आपला बळी देणार होते म्हणून सांगतो, आणि घोडा देवीसाठी आहे असं पटवतो. मुलगी त्याला 'युअर मॅन' म्हणायला लागली. ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला इथे असंच म्हणतात. एक पुरोहित बजावून सांगतो, घोडा आत घेऊ नका. समुद्रातून दोन साप येतात आणि त्याला त्याच्या दोन मुलांसकट मारतात. लोक म्हणतात, बघा, देवीचा कोप. घोडा आत जातो.

"खुळेच होते," मी म्हणालो.

"खुळे न्हवते," अण्णा म्हणाले. "दहा वर्षांनी दमले होते. दमलेल्या माणसाला खरं असावंसं वाटतं, म्हणून तो खरं धरतो." मग त्याच आवाजात म्हणाले, "तू आणलेला कागद विम्याचा न्हवता."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"सही करताना. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पोरांना इंग्रजी शिकवलंय मी."

"मग सही का केलीत?"

"तुझं तोंड बघितलं. आईच्या आजारपणात असायचं तसं होतं. म्हटलं, आता वाद नको, बोलेल आपणहून. पाच आठवडे झाले."

मी म्हणालो, "तुम्ही तिकडं एकटे असता. फोन उचलला नाहीत की माझं कामात लक्ष लागत नाही."

"हे म्हणायचं होतंस. ह्याला कागद लागत न्हाई. मी जुलैत जाणार. घर हाय, माणसं हायत, सकाळी फिरायला चौघं असतात. पुढच्या वर्षी विचार. जमलं तर येईन, न्हाई जमलं तर न्हाई म्हणेन."

मी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी स्वतःच्या जन्मतारखेतली चूक दाखवली, आणि मग फाडला.

मुलीनं प्रोजेक्टमध्ये हरवलेल्या काव्यांसाठी एक पान कोरं सोडलं. वर्गाच्या बाईंनी तिथे लाल पेननं लिहिलं, 'हे पान राहिलं आहे.' ती शाळेत जाऊन समजावून आली. बाई म्हणाल्या, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे'.

जुलैत आम्ही अण्णांना विमानतळावर सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात मी फोन करून विचारलं. ते नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही म्हणाले, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या वेळी मीच तीन आठवडे गावाला जाऊन राहिलो. डोळ्याला पट्टी असेपर्यंत वर्तमानपत्र मी वाचून दाखवत होतो. मी कुठे काही गाळतोय हे त्यांना लगेच कळायचं.