कादंबरीतलं शेवटचं प्रकरण

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली... मी पोचेपर्यंत माझा थोरला भाऊ माधव गेलेला होता. झोपेतच. इतकं शांत मरण त्याच्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोनदा मरता मरता वाचलेला माणूस तो, आणि दोन्ही वेळा माणसांच्याच हातून.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना दादा आणि वहिनी अमेरिकेला गेले. पनवेलमध्ये तेव्हा अमेरिकेतला नातेवाईक म्हणजे अख्ख्या आळीची मिळकत. बर्फात गाडीला टेकून उभ्या असलेल्या दादाचा फोटो आई येईल त्याला दाखवायची. गाडी शेजाऱ्याची होती, आणि आमचा इंजिनिअर न्यू जर्सीतल्या एका औषधाच्या दुकानात माल लावत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी दुकानातून घरी येताना तीन पोरांनी त्याला अडवलं. आधी थुंकले, मग त्याच्या बोलण्याची नक्कल केली, मग एकानं गाडीतून बेसबॉलची बॅट काढली. "पहिला फटका गुडघ्यावर बसला," दादानं पुढे एकदाच मला सांगितलं. "खाली पडल्यावर मी त्यांना 'सर' म्हणालो गं... सर, प्लीज." त्यावर ती पोरं हसली आणि मारत राहिली. जबडा तुटला, डावा डोळा कायमचा गेला. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीचा पडदा ओढून घेतला, तेही त्यानं पाहिलं. हॉस्पिटलात वहिनीनं त्याला चेहऱ्यावरून नाही, पायांवरून ओळखलं. पोलिसांनी किरकोळ मारामारी अशी नोंद केली.

ती दोघं परत आली. घरी भेटायला येणारे लोक त्याच्या डोळ्याकडे न बघता व्हिसाबद्दल विचारायचे. दादा नीट माहिती द्यायचा. दुपारी मात्र तो दार लावून लिहायला बसायचा. ती कादंबरी होती, त्याच्यासारख्याच एका माणसाची. पहिल्या खर्ड्यातला नायक मार खातो, उठतो आणि शेवटी हिरवळ असलेलं स्वतःचं घर घेतो. हे खोटं आहे असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "असू दे. लोकांना कुठेतरी पोचल्यासारखं वाटायला हवं."

तो शेवट आमच्याच सोसायटीनं बदलायला लावला. शेजारी नवी इमारत उठत होती आणि तिथे आंध्रातून आलेला राजय्या नावाचा रंगारी काम करायचा. एका रविवारी सकाळी सोसायटीतलं एक चुकलेलं मूल रडताना दिसलं म्हणून त्यानं त्याला बिस्किट दिलं आणि बोट धरून तो घर शोधायला निघाला. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत जोरात होती. कोणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत राजय्याला पाण्याच्या पाइपला बांधलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, आणि तोच पुरावा ठरला. मारणारे गुंड नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाणारी, गणपतीत माझ्या हातचे मोदक खाणारी माणसं होती ती. बांधकामावरच्या सळया, क्रिकेटचे स्टंप, कोणाचा पट्टा... रंगाच्या डागांवर रक्त उतरत होतं. दादा जिन्यावरून लंगडत धावला आणि राजय्याला मिठी मारून त्याच्यावर पालथा पडला. फटके थांबले नाहीत. बँकेत नोकरीला असणारे साने म्हणाले, "माधवराव, बाजूला व्हा. हा आपला नाही." दादानं मिठी आणखी घट्ट केली. त्याच्या फासळ्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. आम्ही सगळे किंचाळत होतो, पण पुढे झाली ती उरणजवळच्या मोरा बंदरातून मासळी घेऊन दारोदार फिरणारी हिराबाई. टोपली खाली टाकून ती सळयांमध्ये शिरली. "तुमी माणसं हाय का नाय?" तिचा आवाज चढलेला नव्हता. तेव्हा कुठे हात थांबले.

राजय्याला दवाखान्यात नेलं. इथेही पोलिसांनी आपसातली मारामारी असंच लिहिलं. दादा बरा झाला आणि त्यानं कादंबरीचा शेवट फाडून टाकला. नव्या शेवटच्या प्रकरणात त्याचा नायक मायदेशी परततो आणि एका रविवारी बांधलेल्या माणसाभोवतीच्या गर्दीत उभा राहतो. त्याच्याही हातात सळई असते.

"तू तर त्याला वाचवायला गेलास," मी म्हणाले.

"गेलो. पण पहिल्यांदा गच्चीवरून आरडाओरडा ऐकला ना, तेव्हा मलाही वाटलं होतं, चोरच असेल कोणीतरी."

पुस्तक निघाल्यावर वाचनालयात त्याचं वाचन ठेवलं होतं. अमेरिकेतलं प्रकरण ऐकताना बायका डोळे पुसत होत्या. शेवटचं सुरू झालं आणि खुर्च्या सरकू लागल्या. साने उठून म्हणाले, "तिकडचं लिहा की. इकडचं कशाला?" अर्धं सभागृह त्यांच्यामागून गेलं. दादानं पान उलटलं आणि उरलेल्यांसाठी शेवटपर्यंत वाचलं. त्या आठवड्यात त्याच्या घराच्या काचा फुटल्या. त्यानं नव्या बसवल्या, पण घर सोडलं नाही.

परवा मी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होते. माझी सून आत येता येता दारातच थांबली आणि म्हणाली, "मी आहे हं, आई." कोणाच्याही पाठीमागून जाताना दादा असंच आधी सांगायचा, अगदी दूधवाल्यालासुद्धा. मागून येणाऱ्या पावलांनी कोणी दचकू नये म्हणून. आम्ही पूर्वी त्याला हसायचो... आता आमच्या घरात कोणीच न सांगता मागून येत नाही.