चुकलेला ठिपका

आष्ट्याच्या वाचनालयात पुस्तकं देणारे ते गृहस्थ प्रत्येक रहस्यकथा स्वतः आधी वाचायचे. खुनी कोण याची चाहूल लेखकाने जिथे दिली असेल, तिथे समासात पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे. वर मला सांगायचे, "गुरुजी, लेखक आदीच सांगून ठिवतोय. आपलंच ध्यान नसतंय."

त्यांचा ठिपका कधी चुकत नसे. माझी मात्र सगळी गंमत जायची. सुरुवातीला मी त्यावरून तासभर भांडायचो. मग नाद सोडला. पुस्तक टेबलावर ठेवायचं, दुसरं उचलायचं, निघायचं. मागे ते थर्मासच्या झाकणात चहा ओतून एकटेच पीत बसलेले असायचे.

गेल्या महिन्यात ठिपका साफ चुकला. ठिपका माळ्याच्या नावापाशी, आणि खुनी निघाला डॉक्टर! शाळा सुटताच मी वाचनालय गाठलं.

"काय हो, फसलात की!"

"व्हय, लय फसलो बगा," ते हसले. "बसा, कसं ते सांगा."

थर्मासजवळ दोन कप होते. त्यांनी दोन्ही भरले. मी दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. बोलता बोलता पानं चाळली, तर डॉक्टर दुसऱ्यांदा हात धुतो त्या ओळीशेजारी खोडलेल्या ठिपक्याचा वण दिसला.

मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. दुसरं पुस्तक घेऊन घरी आलो. त्यातला ठिपका अगदी बरोबर होता.

तरीही दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो.