दहा मिनिटांवरचं जेल

एउलालिया बारागान कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या शेडमध्ये फळं निवडायची. तिचा मुलगा नासारियो शेतपंपांच्या तांब्याच्या तारा चोरताना तिसऱ्यांदा सापडला, तेव्हा वकिलाने दोन वाटा सांगितल्या. एक जड आरोप कबूल केला तर राज्याच्या तुरुंगात चार वर्षं, तेही चार तासांवर. नाहीतर हलके आरोप सगळे मिळून नव्या कायद्याने सहा वर्षं, पण इथंच, जिल्ह्याच्या जेलमध्ये. नासारियो चार वर्षांना तयार होता. एउलालियाने हट्ट धरला. घरापासून दहा मिनिटं, आणखी काय हवं? तिने ग्वादालुपेच्या मातेपुढे मेणबत्ती लावली आणि शेजारपाजारी मक्याच्या पानात उकडलेले तमाले वाटले.

नवा कायदा म्हणजे काय, तर राज्याचे तुरुंग तुडुंब भरले, कोर्टाने कान उपटले, मग राज्याने आपलं घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला. जिल्ह्याचं जेल बांधलं होतं वर्षभराच्या पाहुण्यांसाठी. तिथे मैदान नाही, ऊन नाही, शाळा नाही. भेट काचेपलीकडून, फोनवर, अर्धा तास.

पलीकडच्या घरातल्या क्लेओफासचा मुलगा राज्याच्या तुरुंगात होता. सुरुवातीला एउलालियाला तिची कीव यायची. चार तास गाडी हाकायची म्हणजे काय! पण क्लेओफास परत आली की सांगायची, आज त्याच्याशेजारी बसून जेवले, निघताना मिठी मारली, पोरगा जाड झालाय. पुढे पुढे एउलालियाने तो विषय काढणंच सोडलं.

तिसऱ्या वर्षी साखरेने तिचे डोळे खाल्ले. शेड सुटली. काचेपलीकडे आधी मुलाचं तोंड धूसर झालं, मग नुसती सावली उरली, मग तीही गेली. तिने जेलच्या हवालदाराला विनवलं, एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवू दे. माणूस वाईट नव्हता.

"मावशी, समोरासमोर बसायला खोलीच बांधली नाही हो इथे," तो म्हणाला. "तो राज्याच्या तुरुंगात असता, तर एव्हाना सुटायला आला असता."

हे तिला कुणी सांगायला नको होतं. स्वतःच्या तोंडाने तिने ती सहा वर्षं मागून घेतली होती, आणि त्यातली तीन अजून उरली होती.

त्या रविवारी क्लेओफासने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, फोन कानाला लावून दिला. पलीकडे नासारियोने फोन उचलला. मग म्हणाला, "आई, मी काचेवर हात ठेवलाय. तूही ठेव."

एउलालियाने हात टेकवला. काच सगळीकडे सारखीच गार होती.

"सापडला रे," ती म्हणाली. "किती गरम आहे तुझा हात."

तिचा हात त्याच्या हातापासून वीतभर लांब होता. नासारियोला तो दिसत होता. त्याने आपला हात हलवून तिच्या हातासमोर धरला आणि म्हणाला, "हो आई. बरोबर तिथंच आहे."