मावशीची भेट

बाल न्याय मंडळाने जामिनावर घरी सोडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणं हे त्या बाईंचं काम. बातमीसाठी एकदाच मी त्यांच्याबरोबर विश्रांतवाडीत अशाच एका मुलाच्या घरी गेलो. जिन्याखाली त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. खटल्याबद्दल शेजारी कुणाला कळू नये, म्हणून इथे त्या मुलाच्या मावशी होत्या.

बाहेर अंधार पडत आला होता, तरी मुलगा घरी नव्हता. अंधार पडण्याआधी घरात असण्याची अट होती. मोडली तर पुन्हा निरीक्षणगृह. त्याच्या आईने चहा दिला. तो केव्हाच निवला, तरी बाई फुंकर घालत राहिल्या.

"कप रिकामा होईपर्यंत माझी भेट चालू असते," त्या मला हळूच म्हणाल्या.

शेजारीण दारात आली. "काय मावशी, भाचा कुठंय?"

"तुमच्याकडे नाही ना आला?"

"आमच्याकडे कशाला? आमच्याकडे चहा मिळत नाही."

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. "सॉरी मॅडम, बस चुकली."

"मावशीला मॅडम?" शेजारीण म्हणाली.

मुलाचा चेहरा उतरला. बाई शांतपणे म्हणाल्या, "शाळेत शिकवते ना मी. सगळेच मॅडम म्हणतात."

"हो का? कुठल्या शाळेत?" असं विचारत शेजारीण आत येऊन बसली.